सहा व्होल्टची कॉइल, बारा व्होल्टची बॅटरी : एका युद्धकालीन जीपच्या इग्निशनचे प्रकरण

दुसऱ्या महायुद्धातली एक विलीस एमबी जीप भर उन्हाळ्यात लालबागच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आली, तेव्हा मालकांची तक्रार एकच होती. सकाळी थंड इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होते आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी चांगली पिकअप घेते. परंतु भायखळ्याहून दादर टी.टी.कडे येताना आंबेडकर मार्गावरच्या गर्दीत काही वेळ रांगत राहिले की मिसिंग, म्हणजे इंजिनाचे अडखळणे, सुरू होते आणि पुढच्या एखाद्या सिग्नलला गाडी बंद पडते. बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटे थांबले की ती काहीच झाले नसल्यासारखी पुन्हा सुरू होते. त्यापूर्वी पेट्रोलची लाइन, पंप आणि कार्ब्युरेटर या तिन्हींवर खर्च झालेला होता. दोष मात्र पेट्रोलमध्ये नव्हता. काही वर्षांपूर्वी ही गाडी सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर नेताना काम अर्धवट सोडले गेले होते आणि त्याचा सगळा भार इग्निशनवर, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेवर, येत होता. अशा गाड्या मुंबईत बऱ्याच आहेत, त्यांतल्या अनेकींचे बदल याच पद्धतीने झालेले आहेत, म्हणून हे प्रकरण तपशिलाने नोंदवीत आहे.

गाडी आणि तिच्यात आधी झालेला बदल

विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात या नमुन्याच्या सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. २.२ लिटरचे, चार सिलिंडरचे, साइड व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिन, १-३-४-२ हा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम), सहा व्होल्टची बॅटरी आणि निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचे ऋण टोक चासीला जोडलेले) ही तिची मूळ रचना होय. युद्धानंतर त्यांतल्या अनेक गाड्या भारतात लिलावात विकल्या गेल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने माझगावला विलीस जीपची जुळणी सुरू केल्यामुळे याच कुळातल्या इंजिनांचे सुटे भाग आणि ती हाताळणारे मिस्त्री मुंबईत पुढे कित्येक दशके टिकून राहिले. सेल्फचा स्विच या गाडीत पायाने दाबण्याचा असतो, त्याला वेगळा सोलेनॉइड (विजेने ओढला जाणारा स्विच) नसतो; ही बाब पुढे निर्णायक ठरली.

आधीच्या एका गॅरेजने बारा व्होल्टची बॅटरी घातली होती, बॅटरी चार्ज करणारी जुनी जोडी, म्हणजे डायनामो आणि त्याचा कटआउट, काढून एका छोट्या मोटारीचा अल्टरनेटर बसवला होता आणि हेडलाइटचे बल्ब बदलले होते. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल, हॉर्न, पेट्रोलचा काटा आणि सेल्फची मोटर मात्र जुनीच, सहा व्होल्टचीच राहिली होती. गाडी चालू होत होती, दिवे लख्ख पेटत होते, त्यामुळे काम पूर्ण झाल्याचा समज होणे स्वाभाविक होते.

मुळात बदल का केला, असे विचारल्यावर मालकांनी दोन कारणे सांगितली : सहा व्होल्टची मोठी बॅटरी सहजासहजी मिळत नाही, आणि सेल्फ मंद फिरत असे. पहिले कारण मला मान्य आहे. दुसऱ्याबद्दल माझे मत वेगळे आहे. तेवढ्याच शक्तीसाठी सहा व्होल्टच्या सेल्फला बारा व्होल्टच्या तुलनेत दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून त्याच्या केबली अंगठ्याएवढ्या जाड असाव्या लागतात. बाजारातली नेहमीची बारा व्होल्टची केबल लावली आणि इंजिन ते चासी हा अर्थिंगचा पट्टा गंजलेला राहिला, तर वाटेत अर्धा-पाऊण व्होल्ट सहज नाहीसा होतो. बारा व्होल्टमध्ये तेवढी घट खपून जाते. सहा व्होल्टमध्ये ती दहा टक्क्यांच्या घरात जाते आणि दोष मात्र बॅटरीच्या माथी मारला जातो. जाड केबल आणि घासून स्वच्छ केलेले अर्थिंग एवढ्यावर ही जीप सहा व्होल्टवरही चांगली सुरू होते, आणि व्होल्टेज बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी प्रत्येकाने ते करून पाहावे असे मला मनापासून वाटते.

निदान

उन्हात, गर्दीत, गरम इंजिनवर गाडी बंद पडते म्हटले की कोणीही व्हेपर लॉकचेच, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडण्याचेच, नाव घेतो. मुंबईच्या उन्हाळ्यात ते चूक नसते; शिवाय इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांत ही अडचण वाढली आहे. पंपावर ओले फडके टाकण्याचा जुना उपाय या गाडीवरही चालू होता आणि दर वेळी तो लागू पडल्यासारखा वाटत होता, कारण फडके भिजवून पंप निवेपर्यंत कॉइलही निवत होती. उपाय आणि सुधारणा एकापाठोपाठ घडल्या तरी त्यांचा परस्परांशी संबंध असतोच असे नाही, आणि या प्रकरणात नेमक्या त्याच गैरसमजाने बराच पैसा खाल्ला होता.

दोन्ही शक्यता वेगळ्या करण्याची रीत सोपी आहे, फक्त ती गाडी बंद पडल्याच्या क्षणी करावी लागते. आम्ही गाडी वर्कशॉपमध्येच आयडलवर चालू ठेवली, पहिल्या प्लगच्या वायरीत ठिणगी दाखवणारा टेस्टर जोडला आणि ती बंद पडण्याची वाट पाहिली. मिसिंग सुरू होताच टेस्टरमधली ठिणगी आधी पिवळसर आणि तुटक झाली, मग नाहीशी झाली. त्याच वेळी पंपाच्या काचेच्या वाटीत पेट्रोल काठोकाठ होते, आणि एअर क्लीनरची नळी काढून ॲक्सिलरेटर ओढला असता कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची ठसठशीत धार पडत होती. म्हणजे पेट्रोल पोहोचत होते आणि ठिणगी पोहोचत नव्हती. कॉइलचे बाहेरचे कवच इन्फ्रारेड थर्मामीटरवर ९५ अंश सेल्सिअसच्या वर गेले होते. तशाच गरम अवस्थेत मल्टीमीटर लावला तेव्हा थंड असताना सात किलोओहमच्या आसपास दाखवणारी सेकंडरी (प्लगकडे उच्च व्होल्टेज देणारी) वाइंडिंग आता काहीच वाचन देत नव्हती. आतले एखादे टोक गरम झाल्यावर सुटत होते आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकत होते.

डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगना पाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागातले) पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच, उघडून पाहिले तर दोन्ही तोंडे निळसर-काळी पडलेली, एका बाजूला खळगा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ अशी होती. ते नुकतेच बदलले होते असे मालकांचे म्हणणे होते. पॉइंटवरची ठिणगी शोषणारा कंडेन्सर बिघडला तरी पॉइंट असेच जळतात, म्हणून तो तपासला. तो योग्य क्षमतेचा होता आणि त्यात गळती नव्हती.

मग पॉइंट मिटलेले असताना कॉइलकडे जाणारा प्रवाह मोजला. या कॉइलच्या प्रायमरी (बॅटरीकडून प्रवाह घेणाऱ्या) वाइंडिंगचा रोध सुमारे १.४५ ओहम होता. एवढा लहान रोध साध्या मल्टीमीटरने मोजताना त्याच्या वायरींचा रोधही त्यात मिसळतो, म्हणून प्रत्यक्ष प्रवाह मोजणे अधिक भरवशाचे असते. इंजिन बंद असताना, नुसत्या बॅटरीवर, तो आठ अँपिअरच्या थोडा वर आला. अल्टरनेटर चालू झाल्यावर व्होल्टेज चौदाच्या पुढे जाते आणि प्रवाह नऊ अँपिअरच्या पलीकडे. पॉइंटच्या टंगस्टन तोंडांना सोसवणारा प्रवाह चार ते पाच अँपिअरचा असतो.

गर्दीतच का ?

या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ‘गर्दीत बंद पडते’ या तक्रारीचे उत्तर नुसत्या बाहेरच्या उष्णतेत नाही. या इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये प्रत्येक ठिणगीसाठी शाफ्ट ९० अंश फिरतो, आणि त्यांतले सुमारे ४७ अंश पॉइंट मिटलेले असतात. आयडलला, म्हणजे मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आसपास, सेकंदाला २० ठिणग्या पडतात. दोन ठिणग्यांमध्ये ५० मिलिसेकंदांचे अंतर असते आणि त्यांपैकी सुमारे २६ मिलिसेकंद पॉइंट मिटलेले राहतात. कॉइलमधला प्रवाह एकदम चढत नाही, त्याला काही मिलिसेकंद लागतात. परंतु २६ मिलिसेकंद त्याला पूर्ण उंचीवर पोहोचायला आणि तिथेच टिकून राहायला भरपूर होतात. उलट मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, पॉइंट फक्त पाच मिलिसेकंदांच्या आसपास मिटलेले राहतात आणि प्रवाह पुरता चढण्यापूर्वीच तोडला जातो. म्हणून कॉइल मोकळ्या रस्त्यावर कमी तापते आणि सिग्नलला उभी असताना सर्वाधिक तापते. त्यातच उभ्या गाडीला वारा नसतो आणि इंजिनालगत बसवलेल्या कॉइलला इंजिनाची उष्णता वेगळी मिळते. रोध तोच असताना व्होल्टेज दुप्पट झाले की प्रवाह दुप्पट होतो, पण उष्णता चौपट होते. सहा व्होल्टवर ही कॉइल जी उष्णता कशीबशी बाहेर टाकत होती, तिच्या चौपट उष्णता तिला रोज गर्दीत सोसावी लागत होती.

याच हिशोबातून एक सावधगिरीही निघते. इंजिन बंद असताना इग्निशनचा स्विच चालू ठेवला आणि पॉइंट नेमके मिटलेल्या जागी थांबलेले असले, तर पूर्ण प्रवाह अखंड वाहतो. दिवे तपासायला म्हणून स्विच चालू करून गाडीजवळून निघून जाणे हे अशा गाडीत कॉइल घालवण्याचे नेहमीचे कारण आहे.

पर्याय आणि निर्णय

पहिला पर्याय सगळे पुन्हा सहा व्होल्टवर नेण्याचा होता. गाडीच्या मूळपणाच्या दृष्टीने मला तोच आवडला असता, परंतु मूळ डायनामो आणि कटआउट आधीच्या बदलात हरवलेले होते आणि मालकांना बॅटरीची अडचण पुन्हा नको होती. दुसरा पर्याय सहा व्होल्टचीच कॉइल ठेवून तिच्या वाटेत १.५ ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे प्रवाह कमी करणारा रोध, घालण्याचा, आणि तिसरा सुमारे तीन ओहम प्रायमरीची, बाहेरचा रेझिस्टर न लागणारी बारा व्होल्टची कॉइल लावण्याचा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचाही विचार झाला; पण पॉइंट नीट असले तर या संथ इंजिनाला त्याची गरज नाही, आणि आडवाटेला बिघडले तर दुरुस्त करता येत नाही, म्हणून तो बाजूला ठेवला.

बॅलास्टची बाजू घेणारे नेहमी सांगतात की सेल्फ मारताना बॅटरी खाली येते, तेव्हा बॅलास्टला बगल देऊन कॉइलला पूर्ण व्होल्टेज देता येते. नंतरच्या मोटारींत सेल्फच्या सोलेनॉइडवर त्यासाठी जादा टर्मिनल असते. या जीपमध्ये पायाचा स्विच आहे, त्याला असे टर्मिनल नाही. ते मिळवण्यासाठी नवा सोलेनॉइड किंवा रिले जोडावा लागला असता. शिवाय हिशोब केला तर त्याची निकडही दिसत नाही. सहा व्होल्टची बॅटरी सेल्फच्या भाराखाली साडेचार व्होल्टपर्यंत उतरली तर १.५ ओहमच्या कॉइलला तीन अँपिअर मिळतात. बारा व्होल्टची बॅटरी साडेनऊपर्यंत उतरली तर तीन ओहमच्या कॉइलला तीनहून थोडे अधिकच मिळतात. कारखान्यातून निघालेली जीप जेवढ्या प्रवाहावर सुरू होत असे, तेवढा प्रवाह बगल न देताही मिळतो. जुन्या कॉइलची सेकंडरी तशीही निकामी झालेली असल्यामुळे आम्ही तिसरा पर्याय घेतला.

ज्यांना मूळ कॉइल जागेवर ठेवायची आहे त्यांनी बॅलास्ट अवश्य वापरावा. मात्र त्यावर सतत ३० वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा दहा वॅटचा सिमेंट रेझिस्टर तिथे टिकत नाही. मोटारीसाठीच बनवलेला, चिनी मातीच्या कवचातला बॅलास्ट घ्यावा आणि तो वायरींपासून दूर, पत्र्याला पक्का बसवावा.

प्रत्यक्ष काम

नवी कॉइल ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारातून आणली आणि लावण्यापूर्वी तिची प्रायमरी मोजली : ३.१ ओहम. हे मोजणे टाळू नये, कारण ‘बारा व्होल्ट’ असे छापलेल्या अनेक कॉइल बाहेरच्या रेझिस्टरसह वापरायच्या असतात आणि त्यांचा रोध दीड ओहमच असतो. तशी कॉइल थेट जोडली तर जुनाच दोष नव्या डब्यात परत येतो. जोडताना पॉझिटिव्ह टोक स्विचकडे आणि निगेटिव्ह टोक डिस्ट्रिब्युटरकडे घेतले. आधी ते उलटे होते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असे आणि त्या सवयीचा हात इथे फिरला असावा. उलट्या जोडणीवरही गाडी चालते, परंतु प्लगच्या गरम मध्यदांड्याऐवजी थंड बाहेरच्या टोकाकडून ठिणगी निघावी लागते आणि त्यासाठी कॉइलला जास्त व्होल्टेज उभे करावे लागते.

पॉइंट नवे घातले, गॅप ०.०२० इंच ठेवला. कंडेन्सर बदलण्याची गरज नव्हती. पॉइंट उघडताना त्याच्यावर येणारा झटका दोनशे-तीनशे व्होल्टचा असतो, बॅटरी सहाची असो वा बाराची. त्यामुळे त्याची क्षमता व्होल्टेजनुसार बदलत नाही. ‘बारा व्होल्टचा कंडेन्सर’ म्हणून वेगळा भाग विकत घेणारे ग्राहक मी पाहिले आहेत, त्याची काही आवश्यकता नाही. डिस्ट्रिब्युटर, रोटर, कॅप आणि प्लग हेही व्होल्टेज बदलले म्हणून बदलावे लागत नाहीत. प्लगचा गॅप ०.०३० इंच ठेवला आणि फ्लायव्हीलच्या खिडकीतल्या खुणेवर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) टॉप डेड सेंटरच्या, म्हणजे पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या, पाच अंश आधी बसवले.

लष्करी गाडीचा एक खास मुद्दा येथे नोंदवतो. वायरलेसमध्ये खरखर येऊ नये म्हणून या जीपगाड्यांच्या इग्निशनवर फिल्टर आणि प्लगच्या वायरींवर १०,००० ओहमचे सप्रेसर बसवलेले असत. अशा गाडीच्या बॉनेटवरच्या क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी ‘एस’ अक्षर असे. या गाडीवर इग्निशन स्विचजवळचा एक फिल्टर शिल्लक होता, आणि त्याच्या आतला कागदी कंडेन्सर अर्थकडे गळत होता. तो जागेवर ठेवून फक्त विद्युतदृष्ट्या सोडवला. ज्यांच्याकडे १९५० नंतरची एम-३८ जीप आहे त्यांनी मात्र कॉइल बदलण्याची ही पद्धत वापरू नये. ती चोवीस व्होल्टची आहे आणि तिची कॉइल जलरोधक डिस्ट्रिब्युटरच्या आतच बंद केलेली असते.

काम संपवून इंजिन चालू केले, प्रवाह मोजला. अल्टरनेटर चालू असताना पॉइंटमधून जाणारा सर्वाधिक प्रवाह साडेचार अँपिअरच्या आत आला. त्यानंतर स्विच बंद केला, तर इंजिन बंदच होईना.

हा दोष नवा नव्हता, झाकलेला होता. अल्टरनेटरला जागे करणारी वायर आधीच्या गॅरेजने इग्निशनच्या वायरीला थेट जोडली होती, वाटेत चार्जिंगचा दिवा नव्हता. स्विच बंद केल्यावर अल्टरनेटर त्याच वायरीतून उलट दिशेने कॉइलला वीज पुरवत होता. जुनी कॉइल इतका प्रवाह मागत असे की हा आडमार्गाचा पुरवठा कोसळून इंजिन दोन-चार आचके देऊन थांबत असे, आणि मालकांना ते आचके जुन्या इंजिनाचा स्वभाव वाटत होते. नव्या कॉइलची गरज निम्मी झाली आणि तो पुरवठा तिला पुरू लागला. त्या वायरीत स्विचकडून अल्टरनेटरकडेच वीज जाऊ देणारा तीन अँपिअरचा डायोड घातला आणि डॅशच्या मागे, बाहेरून न दिसेल असा, चार्जिंगचा छोटा दिवा जोडला. स्विच बंद करताच इंजिन आता तत्काळ थांबते.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. तेलाच्या दाबाचा आणि तापमानाचा काटा यांत्रिक असल्याने, आणि अँमीटरला व्होल्टेजशी कर्तव्य नसल्याने, त्यांना हात लावला नाही. पेट्रोलच्या काट्याला सहा व्होल्टचा छोटा रेग्युलेटर दिला; तिथे नुसता रेझिस्टर चालत नाही, कारण टाकीतल्या पातळीनुसार काट्याचा प्रवाह बदलत राहतो. हॉर्न बदलला. सहा व्होल्टची सेल्फची मोटर बारा व्होल्टवर थोडा वेळ निभावते, पण तिचा बेंडिक्स, म्हणजे इंजिन फिरवायला पुढे सरकणारे दातेरी चाक, फ्लायव्हीलच्या रिंगवर फार जोराने आदळतो. चार सिलिंडरचे इंजिन बहुधा दोनच ठिकाणी येऊन थांबत असल्याने रिंगचे दातही त्याच दोन जागी झिजतात. या गाडीत ती झीज सुरू झालेली दिसली. सेल्फची फील्ड कॉइल बारा व्होल्टसाठी नव्याने भरून घेण्याची शिफारस केली आहे आणि ते काम पावसाळ्यात, गाडी उभी असताना, करायचे ठरले आहे. तोपर्यंत सेल्फ एका वेळी काही सेकंदांपेक्षा जास्त दाबायचा नाही, एवढे पथ्य मालकांनी मान्य केले आहे.

पत्र्यात किंवा डॅशमध्ये एकही नवे छिद्र पाडलेले नाही, आणि काढलेली कॉइल, हॉर्न व सहा व्होल्टचे शिल्लक बल्ब नावाच्या चिठ्ठ्या लावून मालकांकडे दिले आहेत. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. मालकांचा त्या नोंदणीसाठी अर्ज करण्याचा विचार असल्याने प्रत्येक बदल उलटवता येईल असाच केला.

चाचणीसाठी गाडी दुपारच्या उन्हात, त्याच आंबेडकर मार्गावर, भर गर्दीच्या वेळी लालबागहून दादर टी.टी. आणि तिथून पुढे सायनपर्यंत नेली व परत आणली. ती कुठेही बंद पडली नाही. वर्कशॉपमध्ये परतल्यावर आयडलवर उभी ठेवून मोजले तेव्हा कॉइलचे कवच ७० अंशांच्या खाली होते. पंपावरचे फडके काढून टाकले आहे. काही आठवड्यांनी मालकांनी गाडी तपासणीसाठी आणली तेव्हा पॉइंटची तोंडे एकसारखी करडी होती, खळगा धरलेला नव्हता, आणि गॅप ०.०२० इंचावरून हललेला नव्हता.